हुरडा सहलीच्या जाहिरातीतून झालेल्या फसवणुकीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कृषी पर्यटन विभाग

विषय: मंगळवेढा हुरडा सहलीचे पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

फेब्रुवारीअखेरच्या रविवारी आम्ही सोलापूरहून सहकुटुंब तुमच्या हुरडा सहलीला गेलो. माणशी ९०० रुपये आगाऊ भरले होते. जाहिरातीत 'मालदांडीचा ताजा हुरडा, शेतातून थेट आगटीवर' असं छापलेलं होतं.

शेतात उभ्या ज्वारीची कणसं केव्हाच निबर झाली होती. आगटीत गोवऱ्या रचलेल्या होत्या, पण त्या फोटोपुरत्याच, पेटवल्याच नाहीत. पत्र्याच्या शेडमागे एक जण फ्रीजरमधल्या पिशव्या फोडून हुरडा कढईत परतत होता. कोवळं कणीस राखेत भाजायचं, तळहातावर गरम गरम चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं, हे मुलांना दाखवायला आम्ही एवढ्या लांब नेलं होतं. त्यांच्या हातात शेव मिसळलेला द्रोण आला. शिवाय मालदांडी ही मुळात भाकरीची ज्वारी. हुरड्यासाठी आपल्याकडे गुळभेंडी, सुरती वेगळी पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय; त्या नावावर वाटेल ते खपवणं मला सहन होत नाही.

जेवणाबद्दल तक्रार नाही. चुलीपुढच्या मावशींनी केलेली भाकरी, शेंगाचटणी आणि दही सगळ्यांनी पोटभर खाल्लं. पण त्यांच्याशी बोलल्यावर कळलं, की शेत त्यांचंच, तुम्ही ते वर्षाच्या बोलीवर घेतलंय आणि त्या स्वतःच्याच रानात रोजानं राबतात. तुमच्या जाहिरातीत मात्र 'तुमचा पैसा थेट शेतकऱ्याच्या घरात'! मला सगळ्यात जास्त राग याचा आला. हे वाक्य वाचूनच आम्ही इतर ठिकाणं सोडून तुमच्याकडे आलो होतो.

दुपारी डीजे लावला. गोठ्यातले बैल दाव्याला हिसके देत होते. तुमच्या माणसाला दोनदा सांगूनही आवाज कमी झाला नाही.

सहलीची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी. हंगाम सरल्यावर हुरड्याच्या नावानं बुकिंग घेणं बंद करावं आणि मावशींच्या घराला प्रत्येक पाहुण्यामागे किती पैसे मिळतात, ते लेखी कळवावं. पावती, जाहिरात आणि कढईचे फोटो सोबत जोडले आहेत. मुदतीत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणार आहे.

आपली,
सहलीतील एक ग्राहक, सोलापूर