ऊसतोडीच्या गावात आजीलाही नातवाच्या पंगतीला बसू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे जाणं चुकत नाही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर दोनच वयाची माणसं उरतात. ज्यांच्याच्यानं आता कोयता चालवत नाही ती, आणि ज्यांच्या हाती तो अजून आलेला नाही ती. मी अशाच घरात वाढलो. सहा महिने घरात मी आणि आजी.

लेकरांची शाळा सुटू नये म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांत हंगामी वसतिगृहं चालतात. मी तिथं जेवायचो आणि झोपायला घरी यायचो. मी शिकलो तो त्या जेवणाच्या आधारावर, हे मी विसरणार नाही. पण ताट माझ्या नावाचं होतं. आजीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मी अर्धी भाकरी वहीच्या पानात गुंडाळून आणायचो, ती चहात भिजवून खायची. एकट्या जिवासाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, साहेब. ‘भूकच लागत नाही’ असं ती म्हणायची. आई-बाप परतले की मात्र दोन भाकरी जेवायची.

माझी मागणी एवढीच आहे. हंगामी वसतिगृहातल्या मुलाला जे म्हातारं माणूस सांभाळतं, त्याचंही संध्याकाळचं ताट तिथंच वाढा, आणि जेवणानंतरचा एक तास त्या दोघांचा ठेवा.

त्या तासात काय होऊ शकतं, हे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावानं दाखवलंय. 8 मार्च 2016 रोजी तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या. शिकवायला गावातलीच एक सून होती आणि तिच्या वर्गात तिची सासूही होती. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं.

मीही तिसरीत असताना आजीला पाटीवर तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं गिरवायला लावली होती. तिसऱ्या अक्षराआधी हंगाम संपला, शेतीची कामं लागली. शाळेच्या कागदांवर ती शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिली. तो एक तास शाळेनं दिला असता, तर तिसरं अक्षर राहिलं नसतं.

पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला आहे. त्यासाठी निरक्षर शोधत शिक्षक दारोदार फिरतात. आमच्याकडे शिकणारी आणि शिकवणारा एकाच घोंगडीवर झोपतात.

आणि घेणं काही एकाच बाजूचं नाही. कुठल्या विहिरीला कधी पाणी होतं, कुठलं बी कुठल्या रानात धरतं, जात्यावर कोणती ओवी कधी म्हणायची, हे या बायांना तोंडपाठ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या. ज्यांच्याकडून त्या मिळाल्या, तशा बाया आजही आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे एकट्या बसून आहेत.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. वयात आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या धास्तीनं आमच्याकडे लहानपणीच लग्नं उरकतात. एका म्हातारीच्या नजरेवर विसंबायला आई-बापाचा जीव होत नाही. पण रोज संध्याकाळी गावातल्या दहा-वीस आज्या शाळेत त्या पोरींसोबत जेवत असतील, तर उसाच्या फडावर निघालेल्या आईला ‘राहू दे तिला इथं’ म्हणायचं बळ येईल.

ताटं वाढतील तसा खर्चही वाढेल, हे मान्य आहे. म्हणून आधी एकाच तालुक्यात, एकाच हंगामासाठी करून पाहा. मात्र आदेश दसऱ्याच्या आत निघायला हवा, कारण एकदा ट्रक भरले की विचारायला घरी कुणी नसतं. आज्यांना घरोघरी जाऊन बोलावून आणायचं काम माझ्याकडे द्या.

आपला,
जिल्हा परिषद शाळेचा एक जुना विद्यार्थी,
जिल्हा बीड