सलाइन संपल्यानंतरचे चोवीस तास : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम जिल्हा पातळीवर हाताळण्याची सोय होण्याबाबत.

माननीय महोदय,

सादर नमस्कार. मी बार्शी येथे राहणारी शिक्षिका असून गेली नऊ वर्षे मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे ज्याला आम्ही रुग्ण थोडक्यात एमएस म्हणतो, तो आजार आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते आणि कधी दृष्टी, कधी पायातले बळ, कधी लघवीवरचा ताबा जातो. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. आजाराची ओळख एवढी पुरे. औषध रक्तात जात असताना आणि गेल्यानंतर रुग्णाचे जे होते, त्याच्या व्यवस्थेविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

मला दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब हे औषध सलाइनमधून दिले जाते. हे औषध मुळात रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी आले. हैदराबादच्या एका कंपनीने २००७ पासून ते भारतातच बनवायला सुरुवात केल्यामुळे परदेशी औषधांच्या तुलनेत ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले आणि म्हणूनच आपल्याकडे एमएसच्या अनेक रुग्णांना ते दिले जाते. ओक्रेलिझुमॅब हे त्याच जातीचे नवे औषधही असेच सहा महिन्यांनी, तर नॅटालिझुमॅब दर चार आठवड्यांनी सलाइनमधून घ्यावे लागते. माझ्या बाबतीत या औषधाने काम केले आहे. पाच वर्षांत मला एमएसचा नवा अटॅक, म्हणजे नव्या लक्षणांचा झटका, आलेला नाही आणि मी वर्गात उभी राहून शिकवते. त्यामुळे हे पत्र औषधाविरुद्धचे नाही, हे आधीच स्पष्ट करते.

पहिल्या सलाइनच्या वेळी सुमारे पाऊण तासाने माझ्या घशात खाज सुटली, कान गरम झाले आणि मानेवर गांधी उठल्या. पुण्याच्या रुग्णालयातील डे-केअर विभागात, म्हणजे उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जाता येते त्या विभागात, सिस्टरांनी क्षणाचाही विलंब न लावता सलाइन थांबवली, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहिला, डॉक्टरांना बोलावून अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन दिले आणि अर्ध्या तासाने, त्रास पूर्ण ओसरल्यावर, निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केली. त्या मला म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. पहिल्या वेळेला हे व्हायचंच. म्हणून तर मी इथे बसले आहे." या आजाराच्या नऊ वर्षांत कुणी दिलेला याहून मोठा आधार मला आठवत नाही. हा त्रास बहुधा पहिल्याच सलाइनला, तोही सुरू झाल्यापासून अर्धा ते दोन तासांत होतो. तो टाळण्यासाठी अर्धा तास आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीविरोधी औषध दिले जाते, वेग ताशी ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर अर्ध्या तासाने वाढवला जातो आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या रुग्णाने ती त्या सकाळी घ्यावी की नाही हे डॉक्टर आधी ठरवून देतात, कारण सलाइन चालू असताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. यातले काहीही दुर्मीळ किंवा खर्चिक ज्ञान नाही. त्यासाठी सलाइनचा वेग नेमका ठेवणारा एक इन्फ्युजन पंप, भरलेला इमर्जन्सी ट्रे आणि खुर्चीजवळ लक्ष ठेवून बसलेली एक प्रशिक्षित परिचारिका लागते.

हे तिन्ही नसले तर काय होते, तेही मी पाहिले आहे. एका वर्षी पैशांची ओढाताण असल्याने मी दुसरीकडे, एका लहान नर्सिंग होममध्ये सलाइन घेतली. तिथे पंप नव्हता, सलाइनचा वेग अंदाजाने लावलेला होता, आणि बाटली संपताच, किमान तासभर थांबवून घेण्याऐवजी, पलंग रिकामा करायला सांगितले गेले. मे महिना होता. मी एसटीने परत निघाले. भिगवण मागे पडल्यावर मला दातखीळ बसेल अशी थंडी वाजली आणि ताप चढला. ताप चढताच उजवा पाय निकामी झाला. इंदापूरच्या स्थानकावर दोघा अनोळखी माणसांनी मला उचलून खाली उतरवले.

महोदय, ज्यांना एमएस नाही त्यांना ताप म्हणजे ताप असतो. आम्हाला अंगातली उष्णता वाढली की जुनी, बरी झालेली लक्षणे तात्पुरती परत येतात. जुनी जखम झालेल्या तंतूंतून संदेश उष्णतेत नीट वाहत नाहीत, आणि ताप उतरला की ते पुन्हा वाहू लागतात. हे माहीत नसलेल्या डॉक्टरांना तो नवा अटॅक वाटतो, कधी पक्षाघात वाटतो. त्या रात्री मला कुणीतरी फोनवर "ताप उतरवा, अंग पुसून घ्या, पाय परत येईल, मात्र श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर ताबडतोब १०८ बोलवा" एवढे सांगितले असते, तर माझ्या यजमानांनी ती रात्र ज्या भीतीत काढली ती त्यांना काढावी लागली नसती. कागदावर छापलेला जो क्रमांक आमच्याकडे होता तो सायंकाळी सहानंतर कुणी उचलत नव्हते.

दुसरा प्रसंग सलाइननंतर तीन महिन्यांनी घडला, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. पुन्हा पाय जड झाले, चालताना तोल जाऊ लागला. तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी अटॅक समजून पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉइडच्या सलाइनची तयारी केली. माझ्या भावजयीने, जी स्वतः परिचारिका आहे, आधी लघवीची तपासणी करायचा आग्रह धरला, आणि लघवीत जंतुसंसर्ग निघाला. प्रतिजैविकांनी मी आठवड्यात चालू लागले. प्रतिकारशक्ती आधीच दबलेल्या बाईला संसर्ग असताना मोठ्या मात्रेत स्टेरॉइड गेले असते तर काय झाले असते याचा विचार मी अजूनही टाळते. या औषधांचा परिणाम अंगात महिनोन्महिने राहतो, त्यामुळे त्यांचे दुष्परिणाम पुण्यातल्या खुर्चीत संपत नाहीत. ते आमच्याबरोबर गावी येतात, आणि तिथे ते ओळखणारे कुणी नसते.

माझी मुख्य विनंती अशी आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. आपल्या राज्यात ही केंद्रे उभी राहताना त्यांतील एक-दोन खुर्च्या ठरावीक दिवशी एमएसच्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्यात. औषध तेच, पंप तोच, दुष्परिणाम तेच आणि ते हाताळणारे हातही तेच. आमच्या बार्शीतच कर्करोगाचे मोठे रुग्णालय आहे, तिथे सलाइनमधून औषधे घेणाऱ्यांची रोजची ये-जा मी शाळेत जाताना पाहते, आणि सुमारे २०० किलोमीटरवरच्या पुण्याची एसटी मात्र मला पकडावी लागते. मेंदूविकारतज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्यात नसतील, हे मला समजते. उपचार ठरवण्याचे काम पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांनीच करावे, पण ते देण्याचे आणि त्यानंतरच्या चोवीस तासांचे काम सोलापूरला, लातूरला, धाराशिवला होऊ शकते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि जिल्हा रुग्णालये आपल्याकडे, या विभागणीत ही मागणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहू नये, यासाठी दोन्ही विभागांनी मिळून एकच लेखी कार्यपद्धती काढावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या कार्यपद्धतीत सलाइनच्या आधीच्या तपासण्या बंधनकारक असाव्यात. रिटुक्सिमॅबमुळे शरीरात सुप्त असलेली हिपॅटायटिस बी ही कावीळ उसळून यकृत निकामी होऊ शकते. त्यासाठी दोन तपासण्या लागतात, आणि माझ्या पहिल्या वेळी प्रयोगशाळेने त्यातली एकच केली होती. आपल्या देशात क्षयरोगाचीही खात्री करून घ्यावी लागते. लसी तर औषध सुरू होण्याआधीच घ्याव्या लागतात, कारण नंतर घेतलेल्या लशीने पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, आणि जिवंत विषाणूंच्या लसी उपचार चालू असताना देता येत नाहीत. मोठ्या माणसांसाठी हिपॅटायटिस बी, न्यूमोकॉकल आणि फ्लूच्या लसी या रुग्णांना शासकीय रुग्णालयात मिळाव्यात. नॅटालिझुमॅब घेणाऱ्यांना जेसी विषाणूची रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते, कारण त्या विषाणूमुळे मेंदूचा एक घातक संसर्ग होण्याचा धोका असतो. तिचा खर्च दर वेळी रुग्णाच्या अंगावर पडू नये.

खर्चाविषयी थोडेसे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रथमच एमएसची औषधे घेतली, आणि त्या तिघांत क्लॅड्रिबिन व ग्लॅटिरामर यांच्याबरोबर रिटुक्सिमॅबही आहे. तरीही औषधाच्या वेष्टनावर एमएसचा उल्लेख नाही, या कारणावरून माझा विम्याचा दावा दोनदा परत आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या तज्ज्ञ समितीने ही यादी समोर ठेवून एमएससाठीच्या सलाइन उपचाराचा, आणि त्याबरोबर तपासण्या व दुष्परिणामांच्या उपचारांचाही, एकत्र विचार करावा.

दुष्परिणामांची नोंद हा विषय कुणाच्याच लक्षात नसतो. २०१० पासून देशात औषधसुरक्षा निरीक्षणाचा कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे त्याचे काम आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही त्रास कळवू शकतो. मला हे आजारी पडून सहा वर्षांनी, तेही योगायोगाने कळले. इंदापूरच्या त्या रात्रीची नोंद कुठेही झालेली नाही. प्रत्येक डे-केअर विभागात हा क्रमांक मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला शासनाला फारसे काही लागणार नाही.

या पत्रासोबत मी एक कार्ड जोडत आहे. पोस्टकार्डाएवढ्या आकाराच्या या कार्डाच्या एका बाजूला रुग्णासाठी मराठीत लिहिले आहे : आज कोणते औषध मिळाले, पुढचे चोवीस तास काय पाहायचे, कोणत्या लक्षणाला थांबायचे आणि कोणत्या लक्षणाला धावायचे. दुसऱ्या बाजूला, ज्या अनोळखी डॉक्टरांपुढे रुग्ण रात्री-अपरात्री जाईल त्यांच्यासाठी चार ओळी आहेत : या व्यक्तीची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, तापात जुनी लक्षणे उसळतात, स्टेरॉइड देण्यापूर्वी संसर्ग तपासा, जिवंत लस देऊ नका. माझ्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी मजकूर तपासून दिला आहे. खाली दूरध्वनी क्रमांकाची जागा मी कोरी ठेवली आहे. तिथे रात्रीही उचलला जाणारा एक क्रमांक आपल्या विभागाने छापावा आणि हे कार्ड, त्यावर माझे नाव न घालता, राज्यभर वापरावे.

आपली विश्वासू,
एमएसची एक रुग्ण
बार्शी, जि. सोलापूर