टाच दाबून न पाहता मशीन लावणारे दवाखाने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दारव्हा तालुक्यात आणि आजूबाजूलाही हल्ली शॉकवेव्ह थेरपीचे, म्हणजे मशीनच्या दांड्याने दुखऱ्या जागी दाबाच्या लहरी सोडण्याच्या उपचाराचे, फ्लेक्स दिसू लागले आहेत. टाचदुखी, गुडघेदुखी, कंबरदुखी, खांदेदुखी, सगळ्यांवर ‘विनाऑपरेशन आराम’ असे लिहिलेले असते. ही सोय तालुक्याच्या गावी आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण दवाखाना निवडायचा कसा, हे आमच्या आयाबायांना कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

जवळचा दवाखाना हवा, यात दुमत नाही. या उपचाराच्या साधारण तीन ते पाच बैठका असतात आणि त्या आठवड्याच्या अंतराने घ्याव्या लागतात. महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले तरी यवतमाळला जायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. कापसाच्या ऐन वेचणीत तर किलोवर मजुरी मिळते. जी बाई वावरात गेली नाही तिला काहीच नाही. त्यामुळे लांबच्या मोठ्या दवाखान्यात एकदोन बैठका घेऊन बाया उपचार अर्धवट सोडतात. तेव्हा जवळचाच दवाखाना पाहावा, पण पैसे देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात.

माझ्या धाकट्या जाऊची टाच बरेच दिवस दुखत होती. “बाई, सकायी पयलं पाऊल टाकल्या जात नाही,” एवढेच ती म्हणायची. थोडे चालल्यावर टाच मोकळी व्हायची आणि वावरातून आल्यावर पुन्हा ठणकायची. एका दवाखान्यात तिचा एक्स-रे पाहिला, टाचेचे हाड वाढले म्हणून सांगितले आणि दहा बैठकांचे पॅकेज आगाऊ भरायला लावले. तिच्या पायाला तिथे कोणी हात लावला नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिने गहू घ्यायला ठेवलेले पैसे भरले. मशीन चालवायला एक पोरगा होता. त्याने जेल लावून टाचेवर दांडा फिरवला, पण नेमके कुठे दुखते हे एकदाही विचारले नाही. दोन बैठकांनंतर तिने जाणे सोडले. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

नंतर त्याच गावात तिला दुसरीकडे नेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी तिची चप्पल उलटी करून पाहिली. तळ टाचेपाशी कागदासारखा झिजला होता. मग त्यांनी पायाची बोटे एका हाताने वर ओढली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेचा आतला, पुढचा भाग दाबला. “काकू, इथे दुखते काय?” जाऊ कळवळलीच. त्या म्हणाल्या, तळपायाची शिरासारखी जाड पट्टी टाचेला जिथे चिकटते तिथे दुखणे आहे, हाडाचा दोष नाही. एक्स-रेत दिसणारे वाढलेले हाड कितीतरी लोकांच्या टाचेत असते आणि त्यांना काहीच दुखत नाही. मशीन आत्ता नको, असे त्यांनीच सांगितले. पोटरी आणि तळपाय ताणण्याचे व्यायाम शिकवले, टाचेखाली मऊ गादी असलेली चप्पल घ्यायला लावली, घरातही अनवाणी फिरू नका म्हणाल्या. पुढे दुखणे निम्म्यावर आले पण जाईना, तेव्हा कुठे त्यांनी मशीन सुचवले आणि एकेका बैठकीचे पैसे घेतले. जाऊ आता वेचणीला जाते.

ज्या दवाखान्यात आधी हात लागतो आणि मग मशीन, तो दवाखाना निवडावा, असे माझे ठाम मत आहे. या टाचदुखीचे बहुतेक रुग्ण व्यायाम, चप्पल आणि वेळ यांनीच वर्षभरात बरे होतात. साध्या उपायांनी कित्येक महिने फरक पडत नाही अशांसाठी शॉकवेव्ह आहे.

हा उपचार थोतांड नाही, हेही लिहायला हवे. मुतखडा बाहेरूनच फोडण्यासाठी या लहरी 1980 मध्ये जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा माणसावर वापरल्या गेल्या. पुढे हाडे आणि स्नायूंच्या दुखण्यावर त्यांचा उपयोग सुरू झाला आणि 2000 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुन्या टाचदुखीसाठी अशा मशीनला मान्यता दिली. यात विजेचा करंट देत नाहीत, दाबाच्या लहरी असतात. घाबरण्याचे कारण नाही. पण मशीन दोन जातींची असते आणि फ्लेक्सवर ते लिहिलेले नसते. एकीत हवेच्या दाबाने दांड्याच्या आतली गोळी टोकावर टकटक आदळते. तिचा जोर कातडीजवळ जास्त असतो आणि आत जाताना पसरत कमी होतो. तिला रेडियल म्हणतात. दुसरी फोकस्ड, तिच्या लहरी आत ठरावीक खोलीवर एकवटतात. टाच, कोपर अशा वरवरच्या जागी रेडियलने काम भागते. खांद्यात साचलेला चुना किंवा न जुळणारे हाड यांसाठी बहुतेकदा फोकस्ड लागते. तेव्हा ‘मशीन कोणती?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उत्तर देता येत नसेल, तर ती चालवणाऱ्यालाही माहीत नाही असे समजावे.

फवारणीचा पंप दिवसभर हापसून ज्यांची कोपरे धरतात त्या भावांनाही हे लागू आहे. गुडघ्याच्या झिजेचे मात्र वेगळे आहे. तिथे या उपचाराचा पुरावा टाचेइतका भक्कम नाही. आमच्याकडे पॅकेज सर्वात जास्त विकले जाते ते म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठीच, आणि याचा मला फार राग येतो.

मशीन लावण्याआधी दवाखान्याने काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. बाई गरोदर आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी सुरू आहे का, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग आहे का, छातीत पेसमेकर आहे का, गेल्या महिना-दीड महिन्यात टाचेत स्टेरॉइडची सुई घेतली का. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर ही मशीन लावत नाहीत. साखरेच्या आजारात दोन्ही तळपायांची रात्री आग होते, ते नसांचे दुखणे. ते तपासल्यावर कळते आणि त्यावर हा उपाय नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे तर विसरून चालणारच नाही. त्यात हाडाचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा खराब होतो. तरुण मुलाचा खुबा दुखत असेल तर आधी सिकलसेलची तपासणी व्हावी. 2023 पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. गरज पडली तर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे रुग्णालय गाठावे. तिथे दिवस मोडला तरी चालेल.

चांगल्या दवाखान्यात मशीन फिरवताना ‘इथे का, की अजून आत?’ असे सारखे विचारतात, कारण जागा रुग्णाच्या सांगण्यावरूनच सापडते. म्हणून बधिर करण्याची सुईही सहसा देत नाहीत. एकदोन दिवस दुखते, लाली येते. खरा फरक कळायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. पहिल्याच बैठकीत आराम देतो म्हणणाऱ्याकडे पॅकेज भरू नये.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. तो क्रमांक भिंतीवर दिसावा, नाहीतर विचारावा. खाटा असलेल्या रुग्णालयांना शुश्रूषागृह कायद्याने नोंदणी घ्यावी लागते. बिनखाटांचे दवाखाने त्यात बसत नाहीत आणि केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. अशा दवाखान्यांकडे पाहणारे कोणी नसल्यामुळेच विचारण्याचे ओझे आमच्या जाऊसारख्या बायांवर येऊन पडते.

जिल्हा आरोग्य यंत्रणेला माझी विनंती आहे, की दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट बसवावा, शक्यतो बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी खेड्यांतल्या बाया तशाही गावात येतात. आणि आपल्याला विनंती, की वेचणी सुरू होण्याआधी जिल्ह्याच्या पानावर तळपाय ताणण्याच्या व्यायामाची चित्रे छापावीत. आमच्याकडे पेपर एकाच घरी येतो, पण वाचतो सगळा मोहल्ला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ