जुन्या स्पोर्ट्‌स कारचे मोल गाडीखाली शिरून ठरते

संपादक महोदय,

जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊन ठेवावी, भूखंडासारखी तिची किंमत वाढतच जाते, असे हल्ली गोव्यात सर्रास ऐकू येते. भूखंड गंजत नाही, एवढाच काय तो फरक! जुन्या गाड्या तपासून त्यांचे मोल ठरवणे हेच आमचे काम, म्हणून हे चार शब्द.

बहुतेक स्पोर्ट्‌स कार इतर गाड्यांसारख्याच उतरत्या भावाने विकल्या जातात. भाव टिकतो तो अशा गाडीचा, जिच्यासारखी पुन्हा बनणार नाही आणि जिची ओढ मात्र सरलेली नाही. पोर्शे ९११ चे इंजिन १९९८ पर्यंत हवेने थंड होत असे. ९११ च्या पिढ्यांना कंपनीचे स्वतःचे आकडे असतात, त्यांतली ९९३ ही त्या जातीची शेवटची गाडी. तिच्या जागी आलेली, पाण्याने थंड होणारी ९९६ नव्या बांधणीची, तरी आज लोक जास्त पैसे मोजतात ते ९९३ साठीच. २०१६ ची ९११ आर तर फक्त ९९१ नग, आणि तीही केवळ मॅन्युअल गिअरची. त्या वेळी जीटी३ ला, म्हणजे ९११ च्या शर्यतीच्या धाटणीच्या गाडीला, मॅन्युअल मिळत नव्हता, त्यामुळे ती मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने हातोहात फिरली. दुसऱ्याच वर्षी कंपनीने जीटी३ ला मॅन्युअल दिला आणि आरचा भाव खाली आला. नगांची संख्या तीच होती, फक्त तोच आनंद दुसरीकडे मिळू लागला होता.

‘देशात मोजक्याच आहेत’ या एका वाक्यावर पैसे टाकणाऱ्यांनी फोक्सवॅगनची पोलो जीटीआय आठवावी. २०१६ साली भारतासाठी ९९ गाड्या, किंमत सुमारे २६ लाख. पुढच्याच वर्षी कंपनीला ती २० लाखांच्या आसपास आणावी लागली. तीन दारांच्या छोट्या गाडीला एवढे पैसे मोजणारे गिऱ्हाईकच थोडे होते. याउलट २०२० च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ चे २०० नग आले नि संपले, कारण पाच माणसे, सामान आणि वेग हे तिन्ही एका गाडीत मागणारा वर्ग इथे आधीपासून होता.

आता मीटरचे पाहू. ‘दहा वर्षांत फक्त सहा हजार किलोमीटर’ ही जाहिरात वाचून लोक हरखतात. आमच्या हवेत अशा गाडीची आम्हाला जास्त धास्ती वाटते. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कवर खड्डे पडतात, ओलसर हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाला) चिकटते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत पाणी ओढून घेते. ९९६ आणि २००८ पर्यंतच्या ९९७ (९९६ नंतरची पिढी) मध्ये इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टचे, म्हणजे आतल्या मधल्या दांड्याचे, बेअरिंग हा नाजूक भाग. कमी चालली म्हणून ते वाचत नाही. २००५ पर्यंतच्या बहुतेक इंजिनांत क्लच काढला असतानाच ते बदलता येते. त्यानंतरच्या इंजिनांत बेअरिंग मोठे आहे, पण इंजिन उघडल्याशिवाय निघत नाही. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ यांचे इंजिन वेगळ्या घराण्याचे, त्यांना हा आजार नाही. तपासणी सोपी आहे: ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडायची आणि चुंबक फिरवायचा. चंदेरी कण दिसले तर सौदा तिथेच थांबवावा. मॅन्युअल ९९७ असेल तर इंजिनाच्या संगणकातला ओव्हर-रेव्हचा अहवालही काढून घ्यावा. पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरले असेल, तर किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, हे त्यात सहा टप्प्यांत नोंदलेले असते. चौथ्या टप्प्याच्या वरच्या नोंदी अलीकडच्या तासांतल्या असतील, तर वरच्या चकचकीत रंगाचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

गोव्यात मात्र सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते गाडीच्या पोटात. मिरामार, कळंगुट, कोलवा या पट्ट्यात वारा खारा, त्यावर चार महिन्यांचा पाऊस. गाडी रॅम्पवर घ्या आणि खालचे प्लास्टिकचे आवरण काढायला लावा. विकणारा ‘कशाला?’ म्हणाला तर ते काढल्याशिवाय पुढे बोलूच नका. ब्रेकच्या पोलादी नळ्या क्लिपात जिथे अडकवलेल्या असतात, तिथे ओली माती महिनोन्‌महिने राहते. नळीला पापुद्रे सुटतात ते नेमके त्याच जागी. चाके धरणारे सस्पेन्शनचे अॅल्युमिनियमचे हात पोलादी बोल्टने बसवलेले असतात. त्या सांध्यावर पांढरी भुकटी दिसली तर बोल्ट खोलताना तुटणार हे धरूनच चालावे. एसीच्या कंडेन्सरच्या पात्यांवर बोट फिरवा, कुजलेल्या असतील तर बिस्किटासारख्या चुरतात. सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन धरणारी खालची चौकट, जिथे बॉडीला जोडलेली असते, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. आणि खालून नुकताच फासलेला काळाकुळकुळीत रंग दिसला, तर खाली काय दडवले आहे हा प्रश्न आधी विचारायचा.

पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची, उघड्या टपाची गाडी पर्यटकांना चोरून भाड्याने दिलेली असू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, गुंडाळीच्या तळाशी वाळू किंवा पाण्याची रेघ सापडते. रंगाची जाडी मोजायचे यंत्र हवेच. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलेली, त्याहून फार वर गेला तर पुट्टी. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर कमी आणि टायर नवे कोरे, हे जुळत नसेल तर बिले मागा.

कागदांवर आम्ही फार शब्द खर्च करत नाही, पण भावातली मोठी तफावत तिथेच पडते. आयात गाडीचे कस्टम्सचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची नोंद दाखवणारा कागद, नसेल तर ती कितीही स्वस्त असली तरी महाग. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत वळल्या. त्यांची मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि कर्ज होते तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे सोडू नयेत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन थांबू नका, वाहतूक खात्यात हस्तांतर नोंदवून घ्या. चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः पडताळा. दोन्ही चाव्या आणि किलोमीटरसह सर्व्हिसची बिले असलेली ५०,००० चाललेली गाडी आम्ही बिनकागदाच्या १०,००० वालीच्या वर धरतो.

घेतल्यावर जपणूक. प्लास्टिकचे कव्हर घालू नका, आत घाम धरतो. बंद गॅरेजमध्ये डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीतर कातडी सीटवर श्रावणातच बुरशी येते. पंधरवड्यातून एकदा, दोन मिनिटे नव्हे, ऑइल पुरते तापेपर्यंत चालवा. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केले की जमलेले पाणी ऑइलमध्येच राहते. किनाऱ्याकडून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर गाडीच्या पोटाचे तारखेसह फोटो काढून फाइलला लावा. विकायला आणाल तेव्हा आम्ही आधी तेच मागू.

– जुन्या गाड्या तपासणारे दोघे, म्हापसा