जॅकेट कुठून घ्यावे, याविषयी चि. मनूस

दादर, मुंबई
१४ जुलै

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या सोलेंट सामुद्रधुनीत तू रविवारी शिडाच्या होडीवर जाऊ लागलीस हे वाचून आनंद झाला, आणि तिथल्या दुकानातली जॅकेटे चाचपताना तुला आपल्या दाराआड टांगलेले पिवळे जॅकेट आठवले हे वाचून त्याहून अधिक झाला. ते तुला पाठवता येईल का, आणि न जमल्यास तसेच दुसरे कुठे मिळेल, असे तू विचारले आहेस. पाठवता येणार नाही, कारण ते मी अजून वापरतो. पावसाळ्यात प्लाझा सिनेमापाशी भाजी आणायला निघालो की तेच अंगात असते आणि तुझी आई ओळख न दाखवता चार पावले मागून चालते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावे लागेल.

ते जॅकेट मी मुंबईच्या दारूखाना या भागातून घेतले होते. रे रोड स्टेशनच्या पूर्वेला जुनी जहाजे तोडण्याचे काम चाले आणि त्यांवरचे सामान, कंदिलापासून कॅप्टनच्या खाटेपर्यंत, आसपासच्या दुकानांत विकायला येई. मी त्या वेळी बंदरात लाँचवर नोकरीला होतो. पावसाळ्यात सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या तरी जहाजे यायची थांबत नाहीत, आणि त्यांना आत आणणाऱ्या पायलटला प्राँग्स दीपस्तंभाच्या बाहेरपर्यंत पोहोचवावेच लागते. नोकरीत मिळालेला रेनकोट पहिल्या आठवड्यातच काखेत उसवला, तेव्हा आमच्या तांडेलाने मला सरळ दारूखान्याचा रस्ता दाखवला.

ते कसे बनवले आहे हे तू लहानपणी पाहिले असशील, पण न्याहाळले नसशील. जाड नायलॉनचे कापड आणि त्याच्या आतल्या अंगाला निओप्रीन या कृत्रिम रबराचा लेप. शिवण दुहेरी, आणि सुईच्या भोकांतून पाणी शिरू नये म्हणून आतून प्रत्येक शिवणीवर त्याच कापडाची पट्टी सोल्युशनने चिकटवलेली. चेन पितळेची असून तिच्यावर एकावर एक दोन झडपा आहेत. बाहीच्या आत मनगटाला घट्ट बसणारी रबरी बाही आहे, त्यामुळे दोर ओढायला हात वर केला तरी पाणी कोपरापर्यंत ओघळत नाही. चेनीवर हिरवट जंगाल चढले की मी तिच्यावर मेणबत्ती घासतो, आणि पावसाळा संपला की ते गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरवतो. एवढीच त्याची सेवा. एकदा लाँचच्या कठड्याला अडकून कोपराजवळ बोटभर चीर गेली, ती स्टेशनबाहेरच्या पंक्चरवाल्याने सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावून पाच मिनिटांत बुजवली. ठिगळ अजून जागेवर आहे.

अशा कपड्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचे पेटंट चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली घेतले. पुढे १८७७ साली नॉर्वेतल्या मॉस गावी हेली युएल हान्सेन नावाच्या कप्तानाने लिननच्या कापडाला जवसाचे तेल पाजून खलाशांसाठी कोट बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली ‘डकबॅक’चा धंदा सुरू केला, त्यांचा रबरी रेनकोट माझ्या शाळेच्या दिवसांत थोरल्याकडून धाकट्याकडे जाई, आणि त्या वासावरून वर्गात कोण भिजून आले आहे ते कळे. नायलॉनवर लेप दिलेली, शिवणीला पट्टी लावलेली शिडाच्या होडीवरची जॅकेटे ही साठच्या दशकातली गोष्ट. मँचेस्टरला १९६३ साली सुरू झालेल्या हेन्री लॉइड या कंपनीचे कपडे घालून सर फ्रान्सिस चिचेस्टर १९६६-६७ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि मग तशा जॅकेटांना मोठीच प्रतिष्ठा मिळाली.

मग अशी निओप्रीनचा लेप दिलेली जॅकेटे बंद का झाली? ती लबाडीने बंद पाडली गेली असे म्हणणारे माझ्या वयाचे पुष्कळ लोक आहेत, पण मला ते अर्धेच पटते. लेप पाणी आत येऊ देत नाही, तसा घामही बाहेर जाऊ देत नाही. आमच्या हवेत ते जॅकेट घालून पाव तास दोर ओढले की बाहेरून कोरडे आणि आतून चिंब अशी अवस्था होई, आणि तुझ्याकडच्या थंडीत हा घाम नुसता त्रासाचा नसून धोक्याचा आहे, कारण वारा लागला की तोच अंग गारठवतो. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पाडली. वाफ बाहेर जाते पण पाण्याचा थेंब आत येत नाही, असा पडदा त्यातून तयार झाला आणि १९७६ पासून तो कपड्यांत विकला जाऊ लागला. एकदा हलके आणि घाम सोडणारे जॅकेट अंगात घातल्यावर जाड निओप्रीनकडे कोण परत जाणार? शिवाय आमच्या पिढीला टिकलेलीच जॅकेटे आठवतात, कारण फाटली ती केव्हाच कचऱ्यात गेली.

उरलेले अर्धे मात्र पटते. नवे चांगले जॅकेट बहुधा तीन थरांचे असते, वरचे कापड, मधला पडदा आणि आतले अस्तर, आणि हे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. स्वस्त मालात पडद्याऐवजी पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो. या पॉलीयुरेथेनच्या काही जाती ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की आपोआप विघटित होतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. तुझ्या काकाने हौसेने परदेशातून आणलेले महागडे जॅकेट तीन-चार पावसाळे कपाटात राहिल्यावर बाहेर काढले, तेव्हा त्याचे अस्तर उन्हात राहिलेल्या गुळासारखे हाताला चिकटत होते, त्याला आंबूस वास येत होता आणि शिवणीवरची पट्टी बोटाने सोलून निघत होती. ते दुरुस्त करायला कोणी तयार झाले नाही. कंपनीला लिहिले, तर हमी ‘उत्पादनाच्या आयुष्यापुरती’ आहे आणि उत्पादनाचे आयुष्य संपले आहे, असे सभ्य उत्तर आले. माझी खरी तक्रार इथे आहे: वस्तू जुनी होणारच, पण ती जुनी झाल्यावर दादरच्या पंक्चरवाल्याला तिच्यासाठी काही करता येत नसेल, तर ती विकत घेतली तरी आपली होत नाही.

वरच्या कापडावरून पाणी ओघळावे म्हणून जे रसायन लावतात, त्याचीही आता पंचाईत झाली आहे. फ्लोरीनयुक्त रसायने पाण्यात आणि शरीरात साचून राहतात म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कपड्यांत त्यांना मनाई केली. खोल समुद्रात शिडाची होडी चालवणाऱ्यांच्या कपड्यांसारख्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत आहे, तीही तसे लेबल लावण्याच्या अटीवर. बंदी योग्यच आहे. पण चांगल्या नव्या जॅकेटांची बनावट पुढची काही वर्षे बदलत राहणार, हे लक्षात ठेवून आत्ताच सगळ्यांत महागाच्या मालावर पैसे घालू नकोस.

तर मग घ्यावे काय? माझ्या मते जुन्या ताकदीचा कपडा नाहीसा झालेला नाही, तो होड्यांच्या क्लबशेजारच्या दुकानातून उठून मासेमारांच्या दुकानात गेला आहे. ससून डॉकवर पहाटे पाहा, बर्फ आणि खवल्यांत काम करणारे जाड पीव्हीसीचे कपडे घालून उभे असतात. त्यांना रंग आणि फॅशन यांच्याशी कर्तव्य नसते, दिवसाची मजुरी बुडू नये एवढेच हवे असते. तुझ्या बाजूला याच कामासाठी फ्रान्समधल्या काँकार्नोची गी कोतें ही कंपनी १९६४ पासून आणि स्वीडनमध्ये सुरू झालेली ग्रुंडेन्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कपडे बनवते. ब्रिक्सहॅम किंवा न्यूलिनसारख्या मासेमारी बंदरात कधी जाणे झाले, तर जाळी आणि दोर विकणाऱ्या दुकानात शिर आणि डोक्यावरून घालायचा, टोपीचा, छातीला चेन नसलेला अंगरखा माग. जिथे चेन नाही तिथे ती बिघडतही नाही.

घेताना तो उलटा करून शिवणी पाहा. नुसत्या शिवलेल्या असतील तर ठेवून दे. कापड वितळवून जोडलेले असेल तर घे. मनगटाच्या आत दुसरी बाही आहे का ते बघ, आणि टोपी घालून मान दोन्ही बाजूंना वळव, कारण टोपी मानेबरोबर वळली नाही तर बाजूने येणारी होडी दिसत नाही. सायकलचे सोल्युशन पीव्हीसीवर नीट धरत नाही, तेव्हा दुकानदाराकडून पीव्हीसीचा गोंद आणि त्याच कापडाचा तुकडा मागून घे. घाम येणार, हे गृहीत धर; आत सुती बनियन घालू नकोस, लोकरीचे घाल. नांगर टाकलेला असताना किंवा वारा नसताना तो अंगरखा काढून ठेवत जा. आणि दूरच्या, रात्रीच्या प्रवासाला जाण्याइतकी तयार झालीस, तर तेव्हा घाम सोडणारे चांगले जॅकेट घे. त्याला माझी ना नाही.

आईने विचारले आहे की पोहण्याचा सराव चालू आहे का आणि लाइफ जॅकेट अंगरख्याच्या वरून बांधतेस ना. दोन्हींचे उत्तर तिला स्वतंत्र कळव, माझ्या पत्रात घालू नकोस. अंगरखा एक माप मोठा घे, आत स्वेटर मावला पाहिजे, आणि किंमत काय पडली ते लिही.

तुझे,
बाबा