चौदावा फ्रेट

सांगली,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "गिटारच्या नेकच्या, दांडीच्या, कडेवरून हात फिरवला की करवतीवरून फिरवल्यासारखं होतंय, कानस घेऊन फ्रेटची टोकं उडवून टाकू का?" नको. कानस ठेव बाजूला आणि आधी हे पत्र वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच "एक मिनिट हं, दुसरा कॉल येतोय" म्हणून गायब होतोस, आणि मला हे सगळं एकदा सलग कुणाला तरी सांगायचंय. घरात कुणी ऐकून घेत नाही. शुभा म्हणाली, "गिटार नीट झाली का, एवढंच सांग."

झाली. आपली लाली नीट झाली.

थर्ड इयरला निम्मे-निम्मे पैसे घालून आपण ती घेतली आणि कॅलगरीला जाताना तू ती माझ्या गळ्यात टाकून गेलास. तिला पहिल्यापासून एक रोग होता. दुसऱ्या तारेवर तेराव्या फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या तेराव्या आडव्या धातूच्या पडद्याला, बोट ठेवलं तरी सूर चौदाव्याचाच यायचा, आणि तिथून तार ओढून बेंड घ्यायला गेलं की सूर गळा दाबल्यासारखा मरायचा. मी इतकी वर्षं समजत होतो की माझंच बोट कच्चं. गॅदरिंगच्या त्या सोलोत मी तो सूर टाळून खालून वळसा घालून जायचो आणि तू सगळ्यांना सांगायचास, "बघा, याची स्टाइलच वेगळी." कसली स्टाइल मर्दा, स्पीडब्रेकर चुकवत होतो!

जूनमध्ये पुण्याला गेलो तेव्हा एका दुकानात दाखवली. माणसानं दोन मिनिटं बघितली आणि म्हणाला, सगळे फ्रेट बदलावे लागतील. सांगितलेला आकडा लालीच्या किमतीपेक्षा जास्त होता. परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसलो होतो, कराड येईपर्यंत ठरवून टाकलं की हे आपणच करायचं. बिघडली तर बिघडली.

आता गंमत बघ. सुरुवातीची हत्यारं मी संगीताच्या दुकानातून एकही आणली नाहीत. फीलर गेज, फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, घेतलं ते स्कूटरचे टॅपेट सेट करतात तेच, टूल्सच्या दुकानातून. फ्रेट घासायला सपाट दांडा हवा, तर आमच्या गल्लीतल्या स्लायडिंग खिडक्यावाल्याकडून अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा सोळा इंची तुकडा घेतला. तो सपाट आहे की नाही हे बघायला आधी स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला, तर ओटाच सपाट निघाला नाही! मग काचवाल्याकडून जाड काच आणून तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि पाइपच आधी घासून सपाट केला. हत्यार नीट करण्यात एक रविवार गेला. स्टीलची सहा इंची पट्टी हॅक्सॉनं कापून तीन तुकडे केले, साडेसात, चार आणि तीन सेंटिमीटरचे. फ्रेटमधलं अंतर पुढे पुढे कमी होत जातं, आणि पट्टी एका वेळी बरोबर तीन फ्रेटवर टेकली पाहिजे, चौथ्यावर नाही, म्हणून तीन मापं. तिन्ही फ्रेट एका उंचीचे असले तर ती गप्प बसते. मधला वर असला तर ढिल्या पायाच्या स्टुलासारखी टकटक करते. बारा-तेरा-चौदा गप्प. तेरा-चौदा-पंधरा टकटक टकटक. त्या आवाजानं मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझं बोट निर्दोष सुटलं होतं!

घासायच्या आधी नेक सरळ करून घ्यायची असते. दहा-शेहेचाळीसचा, म्हणजे त्या जाडीच्या तारांचा, सेट सुरात लावला की सहा तारा मिळून साधारण सेहेचाळीस किलोंचा ताण देतात, वीस लिटरचे दोन भरलेले जार टांगून वर थोडं, एवढा. त्यानं लाकूड धनुष्यासारखं वाकतं, म्हणून आत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यूच्या नावावर १९२३ चं पेटंट आहे तिचं. तारा उतरवल्यावर रॉड सैल करायचा आणि पट्टी लावून नेक सरळ झाली की मगच कामाला हात घालायचा, नाहीतर नेकचा बाक फ्रेटमध्ये घासला जातो. रॉड फिरवताना एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. पहिला पाव आटा दिला तेव्हा 'कट्' असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. काही झालं नव्हतं, इतक्या वर्षांत कुणी हात न लावलेला रॉडचा नट सुटला होता, एवढंच.

मग लाकडावर मास्किंग टेप, प्रत्येक फ्रेटच्या डोक्यावर काळ्या मार्करची रेघ, पाइपला चारशे नंबरचा पॉलिश पेपर, आणि तारा जातात त्याच दिशेनं हलक्या हातानं मागं-पुढं. जो फ्रेट उंच त्याची शाई आधी जाते, जो खोल त्याची राहते. सगळ्यांची शाई एकसारखी गेली की थांबायचं.

इथे मी माती खाल्ली.

चौदाव्याची शाई पहिल्याच हाताला गेली. म्हटलं बरोबर, हाच चोर. घासत राहिलो. बाकीच्यांची शाई जागच्या जागी, आणि चौदाव्याचं डोकं सपाट होऊन रुंद होत चाललेलं. तासाभरानं चहाला उठलो, परत बसताना सहज विजेच्या बिलाचा कोपरा त्या फ्रेटच्या टोकाखाली सरकवून बघितला. कागद आत गेला! म्हणजे फ्रेट उंच नव्हताच, खाचेतून उपटून वर आला होता. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचे दोन हलके टोले, पातळ फेव्हिक्विकचा एक थेंब आणि अर्धा तास क्लॅम्प, एवढ्यात काम भागलं असतं. मी शहाण्यानं आधी त्याला घासून बुटका केला आणि मग खाली बसवला. बसल्यावर तो इतका खोल गेला की आता चौदाव्यावर बोट ठेवलं तर तार पंधराव्याला लागणार. आधी एक उंच होता, आता एक सोडून सगळे उंच. उरलेले एकवीस त्याच्या पातळीला आणण्यात पुढचे दोन रविवार गेले. व्हर्नियर लावला तर १.१ मिलिमीटरचे फ्रेट ०.९ वर आलेले. ती धातू, जिला निकेल सिल्व्हर म्हणतात पण जिच्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल, आईच्या जर्मन सिल्व्हरच्या अत्तरदाणीची सख्खी बहीण, तिचा राखाडी भुगा टेपवर पसरलेला. बोटावर घेऊन बघत बसलो. वजन काहीच नाही, पण परत लावता येत नाही.

घासून सपाट झालेली डोकी पुन्हा गोल करायची असतात. त्याची खास कानस मिळते, माझ्याकडे नव्हती. तिकोनी कानशीच्या धारा ग्राइंडरवर मोडून गुळगुळीत केल्या म्हणजे लाकडाला चरे पडत नाहीत. परत शाई लावायची आणि दोन्ही बाजूंनी उतरती घासत आणायची, मध्ये केसाएवढी काळी रेघ उरेपर्यंत. ती रेघ म्हणजे तार टेकायची जागा, तिला शिवायचं नाही. बावीस फ्रेट. मान मोडून आली. पण मला या सगळ्यात हेच काम सगळ्यात आवडलं.

आता मिरजेचं ऐक. फ्रेटनंतर नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, करायचा होता आणि मूळचा प्लॅस्टिकचा टाकून हाडाचा बसवायचा होता. सितार-तंबोऱ्याच्या गल्लीत हाड मिळणार नाही तर कुठे? दहा किलोमीटरवर गाव, जन्म इथे गेला, पण कुठल्या कारखान्यात मी कधी शिरलो नव्हतो. मूळचे हे शिकलगार लोक, तलवारींना धार लावणारे, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. गेल्या वर्षी मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. मी गेलो तेव्हा एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पुलावर, कानशीचे दोन हात, तार चढवायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, तार उतरवायची, परत एक हात. मी तासभर बघत उभा. घोडीचा माथा तार एका बिंदूवर टेकू नये असाच घासतात. तार थोड्या उतरत्या सपाटीवरून घासत थरथरते, आणि तो गुंजारव येतो, तंबोऱ्याचा जीव म्हणतात तो.

आणि मन्या, मी जे महिनाभर घासत होतो ते नेमकं याच्या उलट! माझा फ्रेट सपाट राहिला तर गिटार सितारीसारखी झणझणते, म्हणून मी तो गोल करत होतो. माझ्या घरी जी खरखर रोग, ती इथे मुद्दाम कोरून आणत होते. चाचांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "गिटारी येतात की आमच्याकडे. तुमची तार रेघेवर उभी राहते, आमची लोळते." मग विचारलं, "तुम्ही ऐकून घासता का बघून?" मी म्हणालो, शाईकडे बघून, तारा तर काढलेल्याच असतात. ते म्हणाले, "मग सोपं आहे." मी काही बोललो नाही. तीन रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले.

(येताना गाडीवर सुचलं, आपल्याकडे तार घोडीवर चढते आणि तिकडे सॅडलवर, म्हणजे खोगिरावर. कुणाचं घोडं कुणाकडे राहिलं कोण जाणे.)

हाडाचा तुकडा त्यांनी दिला, पैसे घेतले नाहीत. नटचा प्रकार असा की तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली जेमतेम उजेड दिसावा, बस. खाच जास्त उंच राहिली तर खालचे सूर चढे लागतात आणि बोटं दुखतात. तिसऱ्या तारेची खाच मी एक हात जास्त मारली आणि मोकळी तार फ्रेटला घासायला लागली. त्यावर उपाय स्वयंपाकघरात: खाचेत चिमूटभर खायचा सोडा आणि वर फेव्हिक्विकचा थेंब, दगडासारखं घट्ट होतं, मग परत कोरायचं. शुभानं सोड्याचा डबा आता वरच्या फळीवर ठेवलाय.

आणखी एक. शेवटची चकाकी आणायला पॉलिश पेपर दोन हजार नंबरपर्यंत नेला तिथं थांबायचं, तर मी स्टील वूल घेतलं. तारांचा आवाज टिपणारे पिकअप झाकायला विसरलो. त्यातली चुंबकं सगळे लोखंडी केस ओढून घेऊन साळिंदरासारखी झाली. टेपचे तुकडे चिकटवून चिकटवून एक संध्याकाळ काढली. त्यापेक्षा ब्रासो आणि जुना बनियन बरा.

तारा चढवल्यावरचे आकडे तुला उपयोगी पडतील. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यापाशी ०.२५ ची पाती तारेखालून सरकावी, तेवढा बाक नेकला हवाच, कारण तार मध्यात जास्त झुलते. बाराव्यावर बारीक तार १.६ मिलिमीटर उंच, जाड तार २. शेवटी बाराव्याचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं शिवून काढलेला सूर) आणि बाराव्यावर दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवायचे. दाबलेला चढा आला तर सॅडल मागं, म्हणजे तार लांब. लालीला सहा तारांना सहा सुट्या सॅडल आहेत, १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला होत्या तशाच, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरनं अर्ध्या तासात होतं. हीच क्रमवारी पाळ, आधी बाक, मग उंची, मग हे. उलटं केलंस तर गोल गोल फिरत राहशील.

आता तुझं दुखणं. तुझे फ्रेट वाढलेले नाहीत, नेक आक्रसली आहे. तिकडे बाहेर उणे वीस आणि घरात हीटर, हवा पापडासारखी कोरडी. लाकूड रुंदीत आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. इथे जुलैत माझं उलट होतं, हवा ओली आणि नेक फुगलेली. आधी एक हायग्रोमीटर आण, गिटार केसमध्ये ओल देणाऱ्या पुड्यांसोबत बंद कर, पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांवर दोन-तीन आठवडे राहू दे. बरीचशी टोकं आपोआप आत जातील. राहिली तर मग कानस, तीसुद्धा फक्त टोकाला, पंचेचाळीस अंशांत, आणि टेप लावून. आत्ता कोरड्यात घासलीस तर काहीही फुटणार नाही, पण गरज नसताना धातू जाईल, आणि ती गेल्यावर काय वाटतं ते मला विचार.

काल रात्री तो सोलो वाजवला. तेराव्यावरनं बेंड घेतला आणि सूर वरपर्यंत गेला. पण हात इतक्या वर्षांच्या सवयीनं पुढच्या वेळी परत खालूनच वळला. आता वळसाच बरा वाटतो की काय, कळेना.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार. चिमणीला पापा.

तुझा,
बंड्या

ता. क. फेब्रुवारीत येतोयस ना? मग येताना नटच्या खाचा कोरायच्या कानशींचा सेट घेऊन ये, दहा-शेहेचाळीसच्या मापाचा. इथे मी सुया आणि पॉलिश पेपर गुंडाळून भागवलंय. पैसे आल्यावर देतो. आणि हो, चेक-इनच्या बॅगेत टाक, केबिनमध्ये नेलास तर सिक्युरिटीवाले ठेवून घेतील.