डक्टमधल्या केबलबाबत अध्यक्षांना तिसरं पत्र

दि. २२ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था,
कोथरूड, पुणे ४११०३८

विषय: ब इमारतीच्या डक्टमधील आमची इंटरनेटची केबल तोडून वाट्टेल तशी जोडल्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

याच विषयावरचं माझं हे तिसरं पत्र. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला सचिवांनी व्हॉट्सॲपवर "काका, वायफाय लावा ना" एवढंच कळवलं, वर अंगठ्याचं चित्र. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं मी केबलीच जोडल्या, त्यामुळे वायफाय म्हणजे काय ते साधारण ठाऊक आहे. आमच्या मोडेमपासून आईच्या खोलीपर्यंत दोन बाथरूम, एक बीम आणि आजोबांचं लोखंडी कपाट आहे. तिथे वायफायची एखादी कांडी दिसते, तीही लहर लागली तर. म्हणूनच २०१९ साली तत्कालीन समितीची लेखी परवानगी घेऊन डक्टमधून, म्हणजे इमारतीच्या पाइप-वायरींच्या पोकळीतून, केबल नेली. परवानगीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तिसऱ्यांदा. सहा वर्षं त्या केबलीने हूं की चूं केलं नाही.

गुढीपाडव्याला ब-३०३ मध्ये "दोन आठवड्यांचं" काम निघालं. पालख्या पुण्यातून जाऊन पंढरपूरला पोचल्या तरी ते चालूच होतं. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी करायची नाही असा फलक आपणच लिफ्टमध्ये लावला आहे. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या चपलांचं कपाट जिन्यात आहे, त्याबद्दलही नाही. २०१७ पासून त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी कुणाच्या स्कूटरच्या सीटवर पडतं, हे साऱ्या इमारतीला माहीत आहे. तेही सोडून देतो.

मे महिन्यापासून या केबलीवर चालणाऱ्या आईच्या टीव्हीचं चित्र अडखळू लागलं. दोन मिनिटं नीट चालायचं, मग गोल चकरी, मग माणसांचे चौकोन. इंटरनेटवाल्यांचा मुलगा तीनदा येऊन गेला. मोडेमशेजारी उभं राहून मोबाईलवर वेग मोजायचा, ९४ दाखवायचा आणि "सर, आमच्याकडून ओके आहे" म्हणून जायचा. खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. मी मोडेम बदलून घेतला, दोन्ही टोकांचे छोटे तुकडे बदलले, टीव्हीची सगळी सेटिंग्ज पुसून तो पुन्हा नव्याने लावला. फरक शून्य.

मग मी पद्धतशीर बसलो. लॅपटॉप आधी मोडेमला आखूड वायरने जोडला आणि मोडेमलाच हाका मारल्या, म्हणजे पिंग केलं. हजार हाकांना हजार ओ. तोच लॅपटॉप आईच्या खोलीत डक्टमधल्या केबलीला लावला, तर हजारात एकसष्ट हाका वाऱ्यावर. बाहेरच्या जगाचा इथे संबंधच नाही, हा घरातल्या घरातला मामला. शिवाय मोडेमपाशी जोडणी एक गिगाबिटची, म्हणजे हजार मेगाबिटची दिसत होती, आईच्या खोलीत शंभर मेगाबिटची. केबलीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, शंभरला दोन पुरतात. एखादी जोडी मेली की यंत्रं आपसांत ठरवून खाली उतरतात.

यावर खजिनदारांचे हिंजवडीतले भाचे म्हणाले, शंभर खूप झाले की. झाले ना! अगदी फोर-के चित्रालाही पंचवीसच्या आसपास पुरतात, आणि आईच्या टीव्हीचं पोर्टच शंभरचं आहे. प्रश्न वेगाचा नाहीच, गळतीचा आहे. वाटेत हरवलेली माहितीची पाकिटं पुन्हा मागवावी लागतात, तोवर टीव्हीने पुढची म्हणून साठवलेली शिदोरी संपते आणि चकरी फिरते. थेट प्रक्षेपणात तर ही शिदोरी फारच तुटपुंजी असते.

शेवटी वीस मीटरची नवी केबल पॅसेजमधून जमिनीवर टाकून पाहिली. चित्र आरशासारखं. ती दुसऱ्याच दिवशी गुंडाळली, कारण चौऱ्याऐंशी वर्षांची आई वॉकर घेऊन चालते.

म्हणजे दोष डक्टमध्ये. १४ जुलैला प्लंबरसाठी दार उघडलं होतं, तेव्हा मी टॉर्च घेऊन डोकावलो. ब-३०३ च्या नव्या एसीच्या पाइपांच्या आड आमची केबल येत होती, म्हणून ती सरळ कापलेली. नंतर आठही तारा सुट्या करून, हाताने पिळून, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. हा जोड एसीच्या विजेच्या वायरीला क्लिपने घट्ट बांधलेला. या केबलीतल्या प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात त्या शोभेसाठी नव्हे. बाहेरची गडबड दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि पलीकडे वजा होते. अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उकलू नये असा दंडक आहे, इथे चांगली वीतभर उकलली होती. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ शाबूत आहे, पीळ तेवढा गेला.

मी अकरा दिवस वहीत नोंद ठेवली. ब-३०३ चा एसी सुरू झाल्याचं आमच्या बाथरूममध्ये स्पष्ट ऐकू येतं. एकोणीस वेळा तो सुरू झाला, त्यातल्या सोळा वेळा मिनिटभरात आईचं चित्र गोठलं. वही पाहायला केव्हाही या, चहाही मिळेल.

त्या सभासदांशी मी अत्यंत सौम्यपणे बोललो. ते म्हणाले, "आम्ही कापलीच नाही, आणि कापली असली तर जोडलीय ना." ब-२०४ च्या काकूंनाही हे पटत नाही. मी सगळं सांगितल्यावर त्या "हो ना" म्हणाल्या. त्या वेळी आम्ही लिफ्टमध्ये होतो, पण शब्द तेच होते. इतर दोघांचाही पाठिंबा आहे, नावं नकोत म्हणाले.

एवढं झाल्यावर समितीने खुलासा मागितला तो माझ्याकडे! विनापरवाना डक्टमध्ये डोकावलो म्हणून. आणि मी तिथे लावलेला "ही केबल आहे, वेल नव्हे. छाटू नये." हा कागद काढून टाकण्याची तत्परता दाखवली. दुरुस्तीची कामं परवानगीनेच करावीत आणि तक्रारीवर समितीने पुढच्याच सभेत निर्णय घेऊन पंधरा दिवसांत कळवावा, हेही आदर्श उपविधींत आहे. ते पान बहुधा संस्थेच्या प्रतीत चिकटलं असावं.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून आईने मानाच्या गणपतींची मिरवणूक चुकवलेली नाही. आता लक्ष्मी रस्त्यावर जाणं होत नाही, म्हणून टीव्हीवर. शेजारच्या घरातून तांबडी जोगेश्वरीचे ढोल ऐकू येत होते आणि आमच्याकडे कसबा गणपती अजून मंडईतच थिजलेला. पुढे तोही गेला, चकरी राहिली. आई मला म्हणाली, "तू केबलीतच होतास ना रे?"

तर मागणं असं. डक्टची किल्ली मला एका रविवारी दोन तासांसाठी मिळावी. जोड नको, मी अखंड नवी केबल घालीन, अस्सल तांब्याची, वेगळ्या पाइपातून, विजेच्या वायरीपासून हातभर लांब. साहित्याचे २,३४० रुपये ब-३०३ कडून वसूल करावेत. पैशाचा प्रश्न नाही, हप्त्याने दिले तरी चालतील. माझ्याकडे मागितलेला खुलासा लेखी मागे घ्यावा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होईलच, तिथे "आयत्या वेळचे विषय" मध्ये मी वही घेऊन उभा राहीन. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाण्याची मला मुळीच हौस नाही. अर्ज लिहून तयार आहे, इतकंच.

आपला विश्वासू,
सदनिका ब-३०४

ता. क. या पत्राची पोच शिक्का मारून द्यावी. मागच्या पत्राची पोच रखवालदाराने वर्तमानपत्राच्या समासावर दिली होती आणि तो अंक आमच्याकडून रद्दीत गेला.